पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदानाचे तीन पाठ

१. एकाच घटनेचे दोन शक, एकाच सनदेच्या दोन नकला, एकाच ओवीचे तीन पाठ, हे प्रकार आमच्या वाचकांस नवे नाहींत. जुन्या कागदांशीं ज्याचा दीर्घ संबंध आला त्याला पाठभेदाचें भय वाटत नाहीं. उलट जेथें मुळींच पाठभेद आढळत नाहीं, तेथें एकीवरून दुसरी नक्कल झाली असावी असा संशय त्यास येतो. परंतु हा न्याय पोथ्या, बखरी आणि महजर यांनाच लावावयाचा, छापील सरकारी आंकड्यांस लावण्याचें कारण नाहीं, अशी समजूत आपणांपैकीं पुष्कळांची असते. ती आमचीहि होती. ती कशी दूर झाली हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

एका स्नेह्यांनीं आपल्या घरच्या दप्तरांत सांपडलेली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गांवची मतदारयादी आम्हांस पाहावयास दिली. कागद ठिसूळ झालेला व कडा वाळवीनें खाल्लेल्या होत्या, पण अक्षर शाबूत होतें. यादीवर एक लहानसें टिपण करावें असा विचार करून आम्ही लिहावयास बसलों. त्या निवडणुकींत देशांत शेंकडा किती मतदारांनीं मतदान केलें, एवढें एकच वाक्य पूर्वपीठिकेसाठीं हवें होतें. निरनिराळीं कोष्टकें उघडलीं तों एका ठिकाणीं ६१.१७, दुसऱ्या ठिकाणीं ४५.६७ व तिसऱ्या ठिकाणीं ४४.८७ असे आंकडे निघाले. शेवटच्या दोहोंतील अंतर एक टक्क्याहूनहि कमी आहे, तें सोडून देतां येईल. परंतु पहिल्यांत व तिसऱ्यांत सोळा टक्क्यांहून अधिक अंतर आहे. सतरा कोटींच्या यादींत सोळा टक्के म्हणजे पावणेतीन कोटींहून अधिक माणसें होतात. एवढीं माणसें मतदान केंद्रावर आलीं कीं नाहींत, याविषयीं तीन पाठ असावेत ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे.

२. प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. ही निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं हिमाचलांतील चिनी या हिमप्रदेशीं सुरू झाली व फेब्रुवारी १९५२ मध्यें संपली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे होते. ते सनदी नोकर असून मूळचे गणिताचे विद्यार्थी होते. जम्मू-काश्मीर वगळून मतदारयादींत १७,३२,१२,३४३ नांवें होतीं. लोकसभेच्या ज्या जागांसाठीं ही निवडणूक झाली त्या ४८९ होत्या, परंतु मतदारसंघ मात्र ४०१ च होते. ही एक ओळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण सर्व घोटाळ्याचें मूळ तींत आहे.

मतदानाची पद्धतिहि आजच्याहून निराळी होती. मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें नसत व मतदारास कोठें खूणहि करावी लागत नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी असे, तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे, आणि मतदारानें हातांतील पत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची असे. देशाचा फार मोठा भाग निरक्षर होता, त्यास अनुसरून ही योजना केलेली होती. अशा वीस लाखांवर पेट्या करविल्या होत्या. सुकुमार सेन यांचा या निवडणुकीवरील अहवाल १९५५ सालीं प्रसिद्ध झाला.

३. आतां पाठभेदाकडे वळूं. ४८९ जागा व ४०१ मतदारसंघ यांचा मेळ असा आहे. एक जागा असलेले मतदारसंघ ३१४ होते. दोन जागांचे, म्हणजे द्विसदस्य, मतदारसंघ ८६ होते. तीन जागांचा एकच मतदारसंघ होता. ३१४, १७२ व ३ मिळून ४८९ होतात. द्विसदस्य मतदारसंघांत एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठीं अथवा जमातींसाठीं राखीव असे. तेथील प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं, मात्र तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत.

यावरून ६१.१७ या पाठाची उपपत्ति लागते. देशांत मोजलेलीं एकूण मतें १०,५९,५०,०८३ होतीं. त्यांस १७,३२,१२,३४३ या संख्येनें भागिलें असतां शेंकडा ६१.१७ येतात. गणित बिनचूक आहे, पण भाज्य आणि भाजक हे एका जातीचे नाहींत. खालीं माणसें आहेत आणि वर मतें आहेत. द्विसदस्य मतदारसंघांतील एक माणूस वर दोनदां मोजला गेला व खालीं एकदांच. पायल्यांनीं मोजलेलें धान्य पोत्यांच्या संख्येनें भागावें तसें हें झालें. कोणीं खोटा आंकडा लिहिला असें येथें मुळींच घडलेलें नाहीं. खरे दोन आंकडे चुकीच्या नात्यानें एकत्र बसविले गेले.

हा तर्क केवळ तर्क राहूं नये म्हणून आम्हीं पुढील पडताळा घेतला. प्रत्येक जागेमागें मतदारांची संख्या स्थूलमानानें सारखी होती आणि सर्वत्र मतदानाचें प्रमाणहि सारखें होतें असें समजूं. प्रत्येक मतदारानें आपलीं सर्व मतें वापरलीं असेंहि धरूं. मग एकसदस्य मतदारसंघांतील ३१४ भागांचीं मतें ३१४, द्विसदस्यांतील १७२ भागांचीं दुप्पट म्हणजे ३४४, आणि त्रिसदस्यांतील ३ भागांचीं तिप्पट म्हणजे ९, अशीं एकूण ६६७ मतें ४८९ भागांमागें पडतील. म्हणजे दर माणशीं सरासरी १.३६४ मतें होतात. ६१.१७ ला १.३६४ नें भागिलें कीं ४४.८५ येतात. छापील पाठ ४४.८७ आहे. दोन शतांशांचाच फरक उरला.

एका उदाहरणावर विसंबूं नये म्हणून १९५७ सालची दुसरी निवडणूक घेतली. तेव्हां मतदारसंघ ४०३ व जागा ४९४ होत्या. ३१२ एकसदस्य व ९१ द्विसदस्य अशी विभागणी होती. एकूण मतांस एकूण मतदारांनीं भागून जो पाठ होतो तो ६२.२३ आहे. वरील रीतीनें दर माणशीं ६७६ भागिलें ४९४, म्हणजे १.३६८ मतें येतात. ६२.२३ ला तितक्यानें भागिलें असतां ४५.४८ येतात. छापील पाठ ४५.४४ आहे. दोन्ही वेळां इतका निकट मेळ बसावा हा योगायोग म्हणवत नाहीं.

४. आतां ४५.६७ या मधल्या पाठाविषयीं. आमच्या पडताळ्यांत प्रत्येक मतदारानें सर्व मतें वापरलीं असें गृहीत धरलें होतें. प्रत्यक्षांत असें झालें नसणार. कित्येकांनीं एकच पत्रिका पेटींत टाकली असेल, कित्येकांची दुसरी पत्रिका बाद झाली असेल. तसें झालें असल्यास तितक्याच मतांमागें माणसें अधिक असलीं पाहिजेत व टक्केवारी ४४.८७ च्या वर सरकली पाहिजे. हिशोब केला असतां जादा मतांपैकीं शेंकडा सात वाया गेलीं असें धरल्यास आंकडा ४५.६७ च्या जवळ येतो. यावरून आमचें अनुमान असें कीं, ४४.८७ हा आंकडा माणसें मोजून आलेला नसून आम्हीं केला तशाच प्रकारच्या भागाकारानें मागाहून काढलेला असावा, आणि ४५.६७ हा पाठ प्रत्यक्ष मोजणीच्या अधिक निकट असावा. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. परंतु ६१.१७ हा पाठ माणसांच्या उपस्थितीचा म्हणून त्याज्य आहे, एवढें मात्र निःशंकपणें म्हणतां येतें.

येथें कोणी विचारील कीं, सत्तर वर्षांपूर्वींच्या एका टक्केवारीचा इतका खल कशासाठीं? त्यास उत्तर असें. १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि १९६२ सालीं प्रत्येक मतदारास एकच मत उरलें. त्या वर्षीं मतदारयादींत २१,६३,६१,५६९ नांवें होतीं व शेंकडा ५५.४२ मतदान झालें. आतां ज्यानें पहिला पाठ प्रमाण मानला, त्याच्या कोष्टकांत ६१.१७, ६२.२३, ५५.४२ असा क्रम येतो. तो लिहील कीं, दहा वर्षांत जनतेचा उत्साह ओसरला, लोकसत्तेवरील विश्वास ढळला. ज्यानें दुसरा पाठ घेतला, त्याच्या कोष्टकांत ४५.६७, ४७.७४, ५५.४२ असा क्रम येतो. तो लिहील कीं, उत्साह निवडणुकीगणिक वाढत गेला. एकाच राष्ट्राच्या एकाच दशकाचीं हीं दोन परस्परविरुद्ध चरित्रें केवळ एका भागाकारांतून निघालीं. शिवछत्रपतींच्या जन्मशकाच्या वादांत १५४९ कीं १५५१ एवढाच प्रश्न होता, आणि १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केल्यावर त्या वादास खरें वळण लागलें. येथें तर प्रश्न अख्ख्या पिढीच्या वृत्तीचा आहे.

५. कागदावरील हा भेद प्रत्यक्ष माणसांच्या भाग्याशीं कसा निगडित होता, याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. १९५२ सालीं उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. राखीव जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. सर्वसाधारण जागेसाठीं त्यांचे सहकारी म्हणून समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७ मतें मिळवून निवडून आले. डॉ. आंबेडकरांस १,२३,५७६ मतें पडलीं. अंतर १४,५६१ चें होतें.

या निवडणुकींत मराठी भाषेस एक शब्दप्रयोग रूढ होऊन मिळाला. तो म्हणजे मत कुजविणें. आपलें एक मत इष्ट उमेदवारास द्यावयाचें व दुसरें अशा रीतीनें वाया घालवावयाचें, कीं तें इष्ट उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्यास पडूं नये, असा त्याचा अर्थ. कम्युनिस्ट उमेदवार श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूनें असा प्रचार झाल्याचा आरोप डॉ. आंबेडकरांनीं केला. आंबेडकर व मेहता या उभयतांनीं निवडणूक रद्द करावी म्हणून अर्ज दाखल केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरून मोजणींत धरल्या गेल्या नाहींत असें त्यांत म्हटलें होतें. ही संख्या जय-पराजयाच्या अंतराच्या पांचपटीहून अधिक आहे.

आमच्या मतें संशोधकानें येथें दोन्ही बाजूंनीं सावध राहावें. ७४,३३३ पत्रिका बाद झाल्या म्हणजे तितक्या माणसांचीं मतें बुडालीं असें म्हणतां येत नाहीं. ज्यानें दोन्ही पत्रिका एकाच पेटींत टाकल्या त्याची एक पत्रिका बाद होऊनहि दुसरी मोजली गेली असेल. पत्रिका आणि माणूस हे येथेंहि भिन्न आहेत, आणि वरच्या भागाकारांत जी चूक झाली तीच येथें उलट दिशेनें होऊं शकते. परंतु हें सांगून प्रश्न निकालांत निघत नाहीं. अंतराच्या पांचपट कागद बाजूस पडले असतील, तर ते कां पडले, कोणत्या केंद्रावर किती पडले, याचा हिशोब मागणें हा हरलेल्या उमेदवाराचा आक्रस्ताळेपणा नव्हे. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षानेंच तो हिशोब मागितला होता, ही गोष्ट विसरूं नये.

६. येथपर्यंत भाज्याचा विचार झाला. भाजकाचाहि केला पाहिजे, कारण टक्केवारी मतदान वाढल्यानेंच वाढते असें नाहीं. यादी आंखूड झाली तरीहि ती वाढते.

पहिल्या निवडणुकीच्या यादींत कित्येक प्रांतांतील स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच ओळख गणकास मिळाली. सुकुमार सेन यांनीं असें ठरविलें कीं, स्वतःच्या नांवाशिवाय कोणाचीहि नोंद यादींत राहूं नये. पुढें मुदत वाढविली, प्रचार केला, तरीहि सुमारें आठ कोटी स्त्रियांपैकीं २८ लाखांची नोंद अखेर वगळावी लागली. निर्णय कठोर होता, पण त्यामागील तत्त्व आम्हांस योग्य वाटतें. ज्याला नांव नाहीं त्याच्या जागीं कोणीहि उभा राहूं शकतो. तथापि हिशोब करणारानें या बायांस विसरतां कामा नये. ४४.८७ हा पाठ घेऊन त्या २८ लाख यादींत परत धरल्यास प्रमाण ४४.१६ वर येतें. म्हणजे टक्केवारीचे सात दशांश त्यांच्या अनुपस्थितीवर उभे आहेत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊं नये. २०२५ सालीं बिहारांत यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. जूनमध्यें ७.८९ कोटी असलेली यादी सप्टेंबरअखेर ७.४२ कोटींवर आली. नोव्हेंबरच्या मतदानांत शेंकडा सुमारें ६७ हें प्रमाण नोंदलें गेलें व तें त्या राज्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठें म्हणून गाजलें. तितक्याच मतदारांस जूनच्या यादीनें भागिलें तर प्रमाण सुमारें ६३ येतें. मागील म्हणजे २०२० च्या विधानसभा निवडणुकींतील प्रमाण सुमारें ५७ होतें, तेव्हां मतदान खरोखरच वाढलें यांत शंका नाहीं. पण वाढींतील कांहीं अंश माणसांच्या पावलांचा आणि कांहीं अंश यादीच्या लांबीचा आहे. यादींतून गेलेलीं नांवें मृतांचीं, स्थलांतरितांचीं व दुबार होतीं कीं त्यांत जिवंत हक्कदारहि होते, हाच तेथील वादाचा विषय होता. टक्केवारीच्या आंकड्यावरून तो प्रश्न सुटत नाहीं. त्यासाठीं नांवानिशीं यादीच पाहिली पाहिजे.

७. आतां आंकड्याच्या काळाविषयीं. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्र विधानसभेचें मतदान झालें. सायंकाळीं पांच वाजतां ५८.२२ टक्के हा आंकडा जाहीर झाला. अखेरचा आंकडा ६६.०५ निघाला. सुमारें ९.७० कोटींच्या यादींत या अंतराचे सुमारें ७६ लाख मतदार होतात. विरोधी पक्षांनीं आक्षेप घेतला. आयोगाचें उत्तर असें कीं, पांच वाजतांचा आंकडा हा तात्पुरता अंदाज असतो, मतदानाची वेळ सहापर्यंत होती, रांगेंत उभे असलेल्यांचें मतदान त्यानंतरहि चालतें, आणि केंद्रावरील अंतिम हिशोबाची प्रत मतदान प्रतिनिधींस त्याच दिवशीं दिली जाते. त्याच वर्षीं लोकसभेच्या वेळीं १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्याचे अंतिम आंकडे ३० एप्रिल रोजीं, म्हणजे अकरा दिवसांनीं, व तेहि केवळ टक्केवारीच्या रूपानें प्रसिद्ध झाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. २४ मे रोजीं न्यायालयानें अंतरिम आदेश देण्याचें नाकारलें. दुसऱ्या दिवशीं आयोगानें पहिल्या पांच टप्प्यांतील मतदारांच्या प्रत्यक्ष संख्या प्रसिद्ध केल्या.

या वादांत आमचा स्वतःचा अनुभव सांगणें अस्थानीं होणार नाहीं. शिक्षकी पेशांत असतां मतदान केंद्राध्यक्षाचें काम आमच्या वाट्यास अनेकदां आलें. दर दोन तासांनीं वर आंकडा कळवावा लागे. दाराशीं रांग, आंत एखाद्या वृद्धेचें बोट शाईसाठीं धरलेलें, आणि फोनवर आंकड्याची विचारणा, अशा घाईंत जो आंकडा जात असे तो अंदाजाचाच असे. तेव्हां पांच वाजतांचा आंकडा आणि अखेरचा आंकडा यांत अंतर पडावें याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. पहिला बखरीच्या जातीचा आहे व दुसरा अस्सल कागदाच्या.

परंतु अस्सल कागद कशानें अस्सल ठरतो, तेंहि आम्ही तेथेंच शिकलों. एका निवडणुकीच्या सायंकाळीं मतदारांच्या स्वाक्षऱ्यांची नोंदवही, म्हणजे नमुना १७-ए, आणि यंत्रावरील एकूण संख्या यांत एकाचा फरक आला. नोंदवहींत एक अधिक होता. मतदान प्रतिनिधि उठून उभे राहिले, आवाज चढले. आम्हीं पुनःपुन्हा मोजलें, फरक कायम. शेवटीं आमच्याच सहायकास आठवलें कीं, दुपारीं एका तरुणानें स्वाक्षरी केली होती व यंत्राकडे न जातां तो निघून गेला होता. त्याचा शेरा नोंदवहींत तत्काळ लिहावयाचा तो लिहावयाचा राहिला होता. चूक आमची होती, ती आम्हीं सर्वांसमक्ष कबूल केली, शेरा लिहिला, आणि नमुना १७-सी या हिशोबपत्रांत मत न देणाराच्या रकान्यांत एक हा आंकडा भरला. मेळ बसला. प्रतिनिधींनीं प्रती घेतल्या व ते शांतपणें घरीं गेले.

त्या रात्रीं आमच्या सचोटीवर कोणीं विश्वास ठेवला म्हणून वाद मिटला नाहीं. दोन स्वतंत्र कागद होते, ते एकमेकांशीं ताडून पाहतां आले, आणि ताडणी पाहावयास विरुद्ध पक्षाचे साक्षी हजर होते, म्हणून तो मिटला. मेळ न बसणें हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, तसाच मेळ पाहूं न देणें हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. जुन्या कागदांच्या परीक्षेंत आपण हेंच करतों. शिक्का, तारीख, हस्ताक्षर, साक्षी आणि दुसऱ्या दप्तरांतील नोंद, इतकें जुळल्यावर मग कागदास प्रमाण म्हणतों.

८. हा विवेक आपल्या देशांत नवा नाहीं. तामिळ प्रांतांतील उत्तरमेरूर येथील देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतील, इसवी सन ९१९ व ९२१ चे, दोन लेख कोरलेले आहेत. ग्रामसभेच्या समित्या चिठ्ठ्या टाकून कशा निवडाव्यात याचे नियम त्यांत दिले आहेत. गांवाचे तीस विभाग, घागरींत नांवांच्या चिठ्ठ्या, सभेस सर्व लहानथोर उपस्थित, चिठ्ठी काढावयास कांहीं न जाणणारा बालक, आणि ती चिठ्ठी पांचहि बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावयाची, असा विधि सांगितला आहे. हात उघडा ठेवावा हें राजाज्ञेनें दगडावर कोरावें लागलें, यावरून मिटलेल्या मुठीचा अनुभव त्यांस होता हें उघड आहे. ज्यानें पूर्वीं समितीवर राहून हिशोब दिला नाहीं, तो व त्याचे नातलग पुन्हा निवडणुकीस अपात्र, असाहि नियम तेथें आहे. निवड आणि हिशोब या दोन गोष्टी त्या सभेनें एका ठिकाणीं कोरल्या, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. अकराशें वर्षांनंतरहि आपण तो लेख वाचूं शकतों.

आपल्या काळच्या कागदांचें आयुष्य मात्र फारच थोडें आहे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणें खुणा केलेली मतदारयादी व तत्सम पुडकीं एक वर्ष ठेवून, दावा चालू नसल्यास, नष्ट करावयाचीं असतात. नियमामागें कारण आहे. मतदानाच्या गुप्ततेस बाध येऊं नये, आणि कोट्यवधि कागद साठवावयाचे तरी कोठें? डिसेंबर २०२४ मध्यें नियम दुरुस्त करून केंद्रावरील चित्रणासारखीं कांहीं इलेक्ट्रॉनिक साधनें सार्वजनिक पाहणींतून वगळण्यांत आलीं. मे २०२५ मध्यें असें चित्रण ४५ दिवसांपलीकडे, निकालास आव्हान नसल्यास, ठेवूं नये अशी सूचना निघाली. मतदारांच्या चेहऱ्यांचा दुरुपयोग होऊं नये असें त्याचें समर्थन केलें गेलें, आणि पुरावाच नाहींसा होतो असा त्यावर आक्षेप घेतला गेला. आम्ही या वादाचे पंच नाहीं. परंतु परिणाम एकच दिसतो. पन्नास वर्षांनीं जो अभ्यासक आमच्या जागीं बसेल, त्याच्या हातीं टक्केवारी असेल, कागद नसेल. तीन पाठ त्यासहि मिळतील, आणि कोणता ग्राह्य हें ठरविण्याचें साधन मिळणार नाहीं. पहिल्या निवडणुकीची उलगड आम्हांस करतां आली ती एकूण मतें, जागा आणि मतदारसंघ हे तीन आंकडे स्वतंत्रपणें टिकले म्हणून. केवळ ६१.१७ टिकला असता, तर आम्हीहि तोच लिहिला असता.

९. यास्तव संग्राहक बंधूंस विनंति आहे. मोडी दप्तरें जपण्याची आपणांस संवय आहे, तशीच या कागदांचीहि लावून घ्यावी. आपल्या गांवची पहिली मतदारयादी कोणाच्या माळ्यावर पडली असेल, ती जपावी. उमेदवारांच्या वतीनें केंद्रावर बसलेल्या प्रतिनिधींजवळ नमुना १७-सी च्या प्रती असतात. निकालानंतर त्या पुडी बांधावयास जातात. त्या मागून घ्याव्यात, तारीख व केंद्राचा क्रमांक स्पष्ट लिहून ठेवाव्यात. त्यांत कोणीं कोणास मत दिलें हें नसतें, किती जणांनीं मतदान केलें एवढेंच असतें, म्हणून गुप्ततेचा भंग होत नाहीं. कोणत्या पक्षाच्या प्रतिनिधीनें प्रत दिली हें पाहूं नये. जिंकलेल्याची व हरलेल्याची अशा एकाच केंद्राच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही ठेवाव्यात, कारण त्या दोन प्रती जुळणें हाच त्या आंकड्याचा खरा शिक्का आहे.

स्नेह्यांनीं दिलेली ती यादी आम्हीं परत करण्यापूर्वीं पुन्हा एकदां वाचली. तींत बायकांचीं नांवें थोडीं आहेत, पण जीं आहेत तीं नांवें आहेत. सरस्वती, काशी, भागीरथी, अशा ओळींवर ओळी आहेत. त्यांपैकीं किती जणी त्या दिवशीं केंद्रावर गेल्या हें टक्केवारी सांगत नाहीं. पण त्या होत्या, आणि मोजल्या गेल्या होत्या, एवढें हा वाळवीनें खाल्लेला कागद सांगतो. त्याची नक्कल करून आम्हीं आमच्या दप्तरांत ठेवली आहे व मूळ ज्याचें त्यास पोंचतें केलें आहे.